अर्धं सारवलेलं अंगण

हवालदार काकांकडे कोणीही गेलं की पाण्याच्या आधी हातात फोटो यायचा. एकाहत्तरच्या लढाईत, साहेबाच्या कॅमेऱ्यानं त्यांनीच काढलेला. काळापांढरा. त्यात ना बंदूक, ना सैनिक. एक धाब्याचं मातीचं घर आणि पुढं अंगण. "काय दिसते?" काका विचारायचे, आणि आपण काहीही सांगितलं तरी नापास करायचे.

मी पहिल्यांदा गेलो तो धंद्यापायी. जुनी घरं पाडून त्यांचं सागवान विकतो मी. शून्यातून उभा राहिलोय; घर दिसलं की भाव तोंडात येतो. आमच्या पिंपळगाव राजा गावात अशी धाब्याची घरं अजून बरीच आहेत. मी फोटो बघून म्हणालो, "काका, तुळ्या बऱ्या दिसून राह्यल्या. कोन्या गल्लीतलं हाय? सौदा करून टाकू."

"पाकिस्तानात हाय. जातं काय माप घ्याले?"

ओट्यावरची सगळी माणसं हसली. ते मी विसरलेलो नाही.

फोटोत अंगणाचा अर्धा भाग काळपट होता. सगळे त्याला सावली म्हणायचे आणि काका चिडायचे. "सावली नाही बे, ओलं सारवण हाय. आमच्या गाड्या आल्या अन् बाई अर्ध्यातच उठून पयाली. थे पाह्य कोपऱ्यात, शेणाचं घमेलं." एवढ्या मोठ्या लढाईतून माणसानं आणलं काय, तर घमेलं! शाळेत झेंडावंदनाला त्यांना पराक्रम सांगायला बोलवत, आणि ते पोरांना सारवण सांगत. मास्तर घड्याळाकडे बघत.

गेल्या वर्षी चौकात गावच्या फौजींच्या आठवणीची भिंत बांधली, ती माझ्या खर्चानं. तिथं मला हा फोटो हवा होता, आणि खाली अक्षरं हवी होती, 'शत्रूचा अड्डा'. काकांना पैसे नको होते. फक्त ते दोन शब्द नको होते. ज्याला पैसेच नकोत त्याच्याशी घासाघीस करायची तरी कशी? मी तापलो.

"काका, लोकायले पराक्रम पाहिजे! सारवण पाह्याले कोन येईन?"

"मंग तुयाच फोटू लाव ना बे. म्या तं एकही घर पाडलं नाही. तू अर्धं गाव पाडलं."

मी चपला घातल्या आणि निघालो. उन्हाळ्यात काका गेले, तोवर आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

तेरवी झाल्यावर त्यांच्या मुलानं फोटो आणून दिला. "बाबा म्हणे, शेठले देजो. काय लिहाचं थे लिहू दे त्याले." म्हणजे सौदा माझ्या मनासारखा, तोही फुकटात. फोटो भिंतीवर चढवला, पेंटर रंगाचा डबा उघडून उभा राहिला. मी 'शत्रूचा' एवढं म्हणालो आणि अडलो. लक्ष सारखं त्या घमेल्याकडे जात होतं. पेंटर जेवून परत आला तरी माझं ठरेना. चिडून त्यालाच घरी हाकललं.

फोटोखाली अजून कोरंच आहे. त्यामुळे भिंत बघायला आलेला प्रत्येक जण समोरच्या माझ्या दुकानात शिरून विचारतो, हे घर कोणाचं. ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी हा उद्योग म्हाताऱ्यानं माझ्या गळ्यात घातला. काल एक मोठे साहेब आले. गाडी चालूच ठेवून म्हणाले, "शेठ, जरा थोडक्यात सांगा."

मी म्हटलं, "गाडी बंद करा अन् बसा."