अक्काशेजारची जागा

निजामाच्या अमलातली ती शेवटची काही वर्षं. संतपूरजवळच्या आमच्या गावी बदलून आलेल्या अंमलदारांच्या बेगमसाहेबांना वाटलं, मास्तर-वकिलांच्या घरच्या आम्ही बायका दुपारभर नुसत्या लोळतो. त्यांचं फारसं चुकत नव्हतं. म्हणून शाळेच्या पडवीत रंगीत लोकरीचे गळपट्टे करायचा वर्ग निघाला.

शिकवायला धनगरवाड्यातली एक अक्का आली. पहिला गळपट्टा पसंत पडला तर तिला कायमची नेमणूक मिळणार होती. "मेंढरामागं फिरणं सुटंल बगा. पोरीला शाळंत घालायचंय," ती पहिल्याच दिवशी म्हणाली.

आमची मोठी अडचण लोकरीनेच सोडवली. लोकरीला विटाळ होत नाही, असं आमचं सोवळं सांगायचं. त्यामुळे अक्काने पिंजलेली लोकर आम्ही बिनदिक्कत हातात घेत होतो. अक्काला मात्र शिवत नव्हतो.

हे गळपट्टे विणायचे नसतात. लाल, पिवळी, हिरवी लोकर चटईवर लांब पसरायची, साबणाचं कढत पाणी शिंपडायचं, चटईची गुंडाळी करायची आणि सगळ्यांनी ओळीने बसून ती जोर लावून मागेपुढे लोळवायची. दाबाने लोकर एकजीव होते. अक्का मधोमध बसली. तिच्या दोन्ही बाजूंना आम्ही हातभर जागा सोडली. तिच्या डाव्या अंगाला मी होते.

"मधी जागा कामून सोडायल्यात? तितं लोकर धरत न्हाई," ती म्हणाली. ती सरकली की आम्हीही अदबीने सरकायचो. शेवटी ती होती तिथेच बसली.

गुंडाळी सोडल्यावर तिने दोन जागा चाचपल्या. "आणिक एकदा लाटू," म्हणाली. पण बेगमसाहेब बाहेर खुर्चीवर येऊन बसल्या होत्या आणि आम्हाला शाबासकीची घाई होती.

त्यांनी गळपट्टा उचलून जरा ताणला आणि त्याचे तीन तुकडे झाले. हे कुणाच्या हातचं, असं त्यांनी उर्दूत विचारलं. सगळ्यांनी अक्काकडे पाहिलं. अक्काने माझ्याकडे पाहिलं. तिला उर्दू येत नव्हती, मला चांगली येत होती. मी गप्प राहिले.

अक्काची नेमणूक हुकली, ती परत मेंढरांमागे गेली. तिच्या सगळ्यात जवळ बसून मीच शिकले होते, म्हणून शिकवायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच दिवशी मी बायकांना सांगितलं, "चिकटून बसा, मध्ये जागा सोडू नका." त्या लगेच खांद्याला खांदा लावून बसल्या. गळपट्टा सुरेख झाला. बेगमसाहेबांनी मला शाबासकी दिली आणि मी ती घेतली. त्याची लाज अजून वाटते.