अधिक आठ

पहिला फटका बाबांच्या कानशिलात बसला तेव्हा मी सयाजीगंजातल्या आमच्या स्टुडिओच्या आतल्या खोलीत पडद्याला इस्त्री करत होतो. बाहेर आलो तर नवरीचा भाऊ बाबांची मान धरून त्यांचं तोंड मॉनिटरवर दाबत होता. आठवड्यापूर्वी त्याच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो आम्ही काढले होते. नदीपलीकडच्या अकोट्याची माणसं, घरात मराठीच. पण राग आला की तो गुजरातीत शिरायचा. बडोद्यात आम्ही सगळेच शिरतो.

"आमां मारी बेननी आंख क्यां छे?"

बहिणीचे डोळे कुठे आहेत, एवढंच विचारत होता. प्रश्न बरोबर होता. नवरीच्या कानातल्या कुडीचा मोतीन्मोती मोजता येत होता आणि डोळे दुधात बुडाल्यासारखे. जवळून काढलेले सगळे फोटो तसेच.

"दादा, चष्मा तर लावू द्या," बाबा म्हणाले आणि त्यांनी चष्म्यासाठी टेबलाच्या खणात हात घातला. त्याने गुडघ्याने खण बंद केला. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला.

माझ्या हाताला लाईटचा स्टँड लागला. तो मी त्याच्या खांद्यावर घातला. तो खाली बसला. मग परत घातला. दुसऱ्यांदा मारायची गरज नव्हती, आणि खरं सांगतो, दुसऱ्यांदा मारताना बरं वाटलं. खालच्या पानवाल्याने वर येऊन मला कमरेला धरून ओढलं, नाहीतर तिसरा डोक्यात बसला असता.

पोलिसांत जाऊ म्हटलं तर बाबा नाही म्हणाले. "काय सांगशील? फोटो चांगले होते म्हणून?"

बाबांच्या उजव्या हाताची तर्जनी गेली प्लास्टरमध्ये. शटर दाबायचं बोट. पण बाबांना बोटाचं काही वाटत नव्हतं. ते खिडकीशी बसून एक डोळा झाकायचे, समोरच्या दुकानाची पाटी वाचायचे, मग दुसरा डोळा झाकायचे. दोन दिवसांनी म्हणाले, "डोळे गेले माझे. कॅमेरा विकून टाक. कोयलीला रिफायनरीच्या गेटवर वॉचमन लागतात, विचारून येतो."

त्यांनी त्याच डोळ्यांवर मला शिकवलं. आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते, आजोबा मिलमध्ये, बाबा आठवीपर्यंत. घरात पदवी घेतलेला मी पहिला. बी.एस्सी., तेही फिजिक्स. दाराच्या पाटीवर नावापुढे ती मी कोरून घेतली आहे.

डोळे नाहीत, लेन्स बिघडली आहे, हे मला कागदावर हवं होतं. तो कागद त्या भावाच्या तोंडात कोंबायचा, असं ठरवूनच मी लॅपटॉपवर फोकस तपासायचं सॉफ्टवेअर घेतलं. काम सोपं असतं. भिंतीवर ठिपक्यांचा तक्ता चिकटवायचा, समोर स्टँडवर कॅमेरा, मध्ये केबल. कॅमेऱ्याच्या आत फोकस सरकवायचा एक आकडा असतो, उणे वीसपासून अधिक वीसपर्यंत. सॉफ्टवेअर एकेका आकड्यावर फोटो काढतं, किती स्पष्ट आला ते मोजतं आणि आलेख काढतं. टेकडीसारखा. जिथे शिखर, तो त्या लेन्सचा खरा आकडा.

दुपारी स्टुडिओच्या दाराचं शटर अर्धं ओढून मी ते चालवलं. बाबा स्टुलावर बसून होते. शिखर आलं उणे सातवर. मी परत चालवलं. उणे सात. तिसऱ्यांदाही तेच.

लेन्सला पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावलेला होता. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: अधिक आठ.

लग्नाच्या आदल्या दिवशी बाबा म्हणाले होते, "फोकस जरा मागे पडतोय. पुढे आण." मी मोजपट्टी ठेवून अंदाजाने आकडा काढला आणि कॅमेऱ्यात घातला. पुढे, म्हणजे अधिक. शाळेपासून तेच शिकलो. कॅमेऱ्यात मात्र अधिक म्हणजे कॅमेऱ्यापासून लांब, आणखी मागे. बाबांचं 'पुढे' म्हणजे आपल्याकडे. डोळ्यांवरचा फोकस आधीच थोडा मागे पडत होता, तो मी पार कानावर नेऊन ठेवला. "एकदा काढून बघ," बाबा म्हणाले होते. "बाबा, फिजिक्स कुणी केलंय?" असं मी म्हणालो होतो.

आकडा पुसून शून्य केला असता तर कुणाला कळलं नसतं. बाबा गेटवर उभे राहिले असते आणि माझी पाटी दारावर राहिली असती. मी चिकटपट्टीचा तुकडा नखाने उचकटला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. सगळं सांगितलं.

बाबांनी एक डोळा झाकून तो तुकडा वाचला, मग दुसरा झाकून.

"म्हणजे माझे डोळे?"

"ठीक आहेत."

त्यांनी डाव्या हाताने मारलं. ओठ दातावर आपटून फाटला. मी सावरतोय तोवर दुसरी बसली.

"ही त्या पोराची. त्याचं बरोबर होतं, आणि तू त्याला खाली बसल्यावर मारलंस."

मग कॅमेरा उचलला. "घाल तुझा उणे सात." मी घातला. प्लास्टरचं बोट वर ठेवून त्यांनी मधल्या बोटाने माझा फोटो काढला आणि लॅपटॉपवर मोठा केला. पापणीचा केस न् केस दिसत होता. ओठावरच्या रक्तावर खिडकीही दिसत होती.

"दिसतंय मला," बाबा म्हणाले. "चल."

विश्वामित्रीच्या पुलावरून स्कूटर मी चालवली. अकोट्याच्या त्या घराची बेल बाबांनी वाजवली. आतून कुणीतरी पाय ओढत येत होतं. दार नवरीच्या भावानेच उघडलं. त्याचा हात गळ्यातल्या झोळीत होता, आणि मला बघून दुसऱ्या हाताची मूठ वळली.

बाबा एक पाऊल मागे सरकले.

"पुढे हो," ते मला म्हणाले.