लाइनमन साळवेचा हात

माझी पोस्टिंग तेव्हा उत्तरेकडच्या एका डोंगरी सेक्टरला होती. ब्रिगेडच्या सिग्नल सेंटरमध्ये मी नाईकच्या हुद्द्यावर होतो. काम रेडिओचं. वरच्या पोस्टांशी ठरलेल्या वेळी बोलायचं, निरोप घ्यायचे, द्यायचे. आवाज चालला तर आवाजावर, नाही तर मोर्सवर, डि-डा ठोक्यांच्या भाषेत. उन्हाळ्यात निरोप कमी असायचे, तेव्हा कंपनीतल्या पोरांचा मोर्सचा क्लास मी घ्यायचो. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. त्या वयात तो शब्द ऐकायला बरा वाटायचा.

आज मी पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. सुभेदार म्हणून रिटायर झालो. नगरला राहतो. पाटीवर आता अहिल्यानगर आहे, तोंडात अजून नगरच येतं. घराच्या गच्चीवर अँटेना आहे. हौशी रेडिओचं लायसन्स घेतलं त्यालाही बरीच वर्षं झाली. आमचा इथला हॅम क्लब लहान आहे. त्या क्लबात आणि फौजेत मी एक गोष्ट अनेकदा सांगितली. ती अर्धी होती. उरलेली अर्धी इथे लिहितो.

शांतवन साळवे माझ्याच जिल्ह्यातला. मी पाथर्डीकडचा, कोरडवाहू. आईबाप ऊसतोडीला जायचे. तो नगरजवळच्या एका खेड्यातला ख्रिस्ती. वडील शाळामास्तर. कंपनीत तो लाइनमन होता. लाइनमनचं काम टेलिफोनच्या तारा ओढायच्या, तुटल्या की जोडायच्या, खांद्यावर केबलचं रीळ घेऊन डोंगर चढायचा. त्याला ऑपरेटर व्हायचं होतं. ट्रेड बदलायचा तर मोर्सची टेस्ट पास व्हावी लागे.

घेण्यात तो चांगला होता. कानावर पडलं की अक्षर कागदावर. पाठवण्यात घोटाळा होता. गावात चर्चच्या भजनाला तो ढोलकी वाजवायचा, आणि तेच त्याच्या मनगटात बसलेलं. अक्षराचा शेवटचा ठोका किंचित लांबवायचा आणि पुढच्या अक्षरावर उडी मारून यायचा. प्रत्येक ऑपरेटरची की, म्हणजे मोर्स ठोकायची कळ, वाजवण्याची आपली लकब असते. तिला आम्ही हात म्हणतो. आवाज ओळखावा तसा हात ओळखू येतो. शांतवनचा हात तर बहिऱ्यालाही ओळखू आला असता.

"शांतवन, ही की आहे. भजन नाही," मी म्हणायचो.

"उस्ताद, देवाला समजतंय, तुमाला न्हाई व्हय?"

पोरं हसायची. मलाही हसू यायचं, पण मी हसायचो नाही.

टेस्टला त्याचा स्पीड पुरेसा होता. चुकाही मर्यादेत होत्या. पास करता आलं असतं. पण कंपनीत आम्ही दोघंच नगरचे. गाववाल्याला सूट दिली असं कोणी म्हणू नये, हे माझ्या डोक्यात होतं. मी शेरा दिला: सेंडिंग अनियमित. नापास.

तो रागावला नाही. "जाऊ द्या उस्ताद. तारा वडीन. तारंवर चिमन्या तरी बसत्यात. तुमच्या रेडिओवर काय बसतंय?"

त्यानंतरही तो संधी मिळाली की कीवर बसायचा. कुठल्या पोस्टवर तार जोडायला गेला की तिथल्या ऑपरेटरला बिडी द्यायचा आणि मधल्या रिकाम्या वेळात मला कॉल करायचा. पोस्टचं कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव, लावायचा नाही, कारण त्याला ते वापरायचा अधिकार नव्हता. नुसतं पाठवायचा: उस्ताद, उस्ताद, गुड मॉर्निंग. ढोलकीच्या चालीत. नेटवर, म्हणजे सगळ्या पोस्टांच्या सामाईक रेडिओजाळ्यावर, असा पोरखेळ चालत नाही. मी उलट पाठवायचो: क्यूआरटी. म्हणजे पाठवणं बंद कर. तो लगेच बंद करायचा. परत आला की समोर उभा राहून विचारायचा, "सुधारला का हात?"

त्या हिवाळ्यात सर्वांत वरच्या पोस्टची टेलिफोन लाइन बर्फाने तुटली. शांतवनला वर पाठवलं. तार जोडली, मग हवा बिघडली आणि तो तिथेच अडकला. पोस्टचा ऑपरेटर एक तमिळ जवान होता, शांत स्वभावाचा. त्या दिवसांतही दोनदा मला सकाळी 'उस्ताद, गुड मॉर्निंग' आलं होतं. दोनदा मी बंद करायला लावलं होतं.

मग हवा उघडली. सकाळ स्वच्छ होती. चहा झाला होता. मी सेटवर होतो. आवाजाच्या फ्रीक्वेन्सीवर नुसती खरखर, वरची टेलिफोनची तार पुन्हा मुकी, पण ते तिथे रोजचंच होतं. वरच्या पोस्टचं शेड्यूल दुपारी होतं, त्याला वेळ होता.

हेडफोनमध्ये मोर्स आलं. कॉल साइन नाही. फक्त: उस्ताद. उस्ताद. उस्ताद.

शेवटचा ठोका लांब, मग उडी. मी हात ओळखला.

मी की दाबली आणि पाठवलं: क्यूआरटी.

क्षणभर थांबून पुन्हा आलं: उस्ताद. मी पुन्हा क्यूआरटी पाठवलं, या वेळी जोरात, जसं आपण ओरडून बोलतो तसं.

ते बंद झालं.

मी दुसऱ्या पोस्टचा रेशनचा निरोप घ्यायला लागलो.

दुपारच्या शेड्यूलला वरच्या पोस्टला आवाजावर हाक मारली. उत्तर नाही. परत मारली. नाही. मग मोर्सवर मारली. या वेळी उत्तर आलं. हात तोच, पण फार सावकाश. एक अक्षर, थांबणं, एक अक्षर.

एव्हलांच. बंकर दबला. ऑपरेटर गेला. जखमी आहेत. मदत पाठवा.

मी ओरडून ड्युटी ऑफिसरना बोलावलं. रेस्क्यू कॉलम, म्हणजे बचावाची तुकडी, थोड्याच वेळात निघाला. पण सकाळची हवा आता राहिली नव्हती. वारा सुटला होता. कॉलमला अर्ध्या वाटेत रात्र काढावी लागली. दुसऱ्या दिवशी ते पोहोचले तेव्हा बाकीचे जखमी जिवंत होते. शांतवन साळवे संध्याकाळीच गेला होता. त्याच्या छातीवर बंकरचा वासा पडला होता. कॉलमबरोबरच्या डॉक्टरसाहेबांनी नंतर कोणाशी तरी बोलताना सांगितलेलं मी ऐकलं: आतला रक्तस्राव होता, पण हळू होता. वेळ होता.

चौकशी झाली. मला आत बोलावलं.

"फर्स्ट काँटॅक्ट?"

"दोपहर के शेड्यूल पर, सर."

"सेंडर कौन था?"

"लाइनमन, सर. ट्रेनिंगवाला ऑपरेटर नहीं था. हाथ कच्चा."

"उससे पहले कुछ नहीं?"

"नहीं, सर."

साहेबांनी मान हलवली. त्यांना पुरेसं होतं. बर्फाचा कडा पहाटेच कोसळला होता. मधला सगळा वेळ त्या लाइनमनला संपर्क करता आला नाही, कारण त्याला मोर्स नीट येत नव्हतं, असा सगळ्यांनी अर्थ लावला. कोणी त्याला दोष दिला नाही. बिचारा, जेवढं जमलं तेवढं केलं, असं म्हणाले.

पोस्टचा कुक वाचला होता. मी त्याला हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो. दोन्ही पायांना फ्रॉस्टबाइट होती. मी विचारलं, सकाळी काय झालं? तो म्हणाला, "साळवे ने सुबह ही सेट निकाल लिया था। बजाया भी। फिर बोला, उस्ताद ने बंद करने को कहा है, नेट पर कोई बड़ा काम होगा। रुको। अपनी बारी आएगी।"

तो थांबला होता. छातीवर ती जखम घेऊन, माझं शेड्यूल येईपर्यंत.

मी कुकला पाणी दिलं आणि बाहेर आलो. कोणाला काही सांगितलं नाही.

पुढे मी हवालदार झालो, मग सुभेदार. अनेक बॅचना मोर्स शिकवलं. प्रत्येक बॅचला ही गोष्ट सांगितली. आवाज मेला, पण मोर्स पोहोचलं, माणसं वाचली. आणि त्याला जोडून: हात कच्चा असेल तर उशीर होतो, उशीर झाला की माणूस मरतो. म्हणून टेस्टमध्ये मी कोणाला सोडणार नाही. पोरं गंभीर व्हायची. गोष्ट चांगली होती. सांगून सांगून मलाही ती तशीच घडल्यासारखी वाटायला लागली होती. पूर्ण नाही. पण दिवसा वाटायची.

आता ती पुन्हा उकरायचं कारण. हौशी रेडिओच्या वरच्या ग्रेडच्या लायसन्ससाठी मोर्सची परीक्षा असावी की नसावी, हा वाद जुना आहे. बऱ्याच देशांनी अट काढून टाकली. आपल्याकडेही बोलणं सुरूच असतं. क्लबने आपलं मत लिहून दिल्लीला पाठवायचं ठरवलं. सेक्रेटरी कुलकर्णी सर, इंजिनिअरिंगला शिकवून रिटायर झालेले, परीक्षा राहावी या मताचे. एका रविवारी सकाळी त्यांच्या घरी बैठक झाली.

मिरजगावचा दत्ता खेडकर हायवेवर मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. तो आल्या आल्याच म्हणाला, "सर, आता पोराला डि-डा शिकवायचं म्हंजी ट्रॅक्टर घ्यायला आलेल्याला आधी बैल जुंपायला लावल्यागत हाय."

"दत्ता, तुला बैल जुंपता येतो का?" कुलकर्णी सर म्हणाले.

"येतो की. म्हनून तर सांगतो."

मीनल भांगरे राजूरकडच्या. प्राथमिक शिक्षिका. त्यांच्याकडे खालच्या ग्रेडचं लायसन्स आहे. पावसाळ्यात त्यांच्याकडच्या वाड्यावस्त्यांचा मोबाईल जातो, रस्ता जातो. त्यांना वरची ग्रेड हवी होती. मोर्सच्या परीक्षेत त्या नापास झाल्या होत्या.

कुलकर्णी सरांनी मसुदा वाचला. त्यात माझी गोष्ट होती. नाव न घालता, पण शब्द माझेच. 'अप्रशिक्षित व्यक्तीच्या हाती की असल्याने संदेश उशिरा पोहोचला व एका जवानाला प्राण गमवावे लागले. म्हणून परीक्षा सक्तीची असावी.' खाली माझ्या सहीची जागा.

वाचून झाल्यावर मीनलताईंनी तो कागद मागून घेतला. मग माझ्याकडे वळल्या. "काका, एक विचारू? राग नका मानू."

"विचारा."

"त्यांनी पाठवलं ते तुम्हाला समजलं ना? सगळं?"

"समजलं."

"मंग त्यांना येत होतं. उशीर कशामुळं झाला?"

इतकी वर्षं, इतक्या बॅचेस. हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. ऑफिसरांनी नाही, पोरांनी नाही.

मी म्हणालो, "माझ्यामुळे."

मग सगळं सांगितलं. वर लिहिलंय तसंच. कुलकर्णी सरांच्या पत्नी पोहे घेऊन आल्या होत्या, त्या दारातच उभ्या राहिल्या. सांगून झालं. दत्ताने खिशातला मोबाईल काढला, बघितला, परत ठेवला.

कुलकर्णी सर म्हणाले, "सुभेदारसाहेब, पण मोर्स पोहोचलं होतं. आपला मुद्दा तसा टिकतो."

"टिकत असेल. मोर्स सकाळीच पोहोचलं होतं. परीक्षा घेणारा ऐकत नव्हता."

"मग आता मत काय लिहू?"

"तुमचं जे असेल ते लिहा. माझी गोष्ट काढा. नाही तर ही लिहा."

त्यांनी पेनने तो परिच्छेद खोडला. मीनलताई जाताना म्हणाल्या, "नियम काही होऊ द्या, मी मोर्स शिकणारे. तुम्ही शिकवाल?" मी म्हणालो, या. आता त्या आल्या की मी आधी ऐकतो. त्यांचाही हात जरा पळतो.

पण ज्यांना सांगायचं होतं त्यांना सांगितलं नव्हतं. शांतवनची धाकटी बहीण मार्था नगरमध्येच असते. नर्स होती, आता रिटायर. इतकी वर्षं मी तिच्या गल्लीचा रस्ता टाळत आलो. बैठकीनंतरच्या आठवड्यात गेलो. दार तिनेच उघडलं. मी नाव सांगितलं.

"कोन? उस्ताद?" ती म्हणाली. "पत्रात लई लिहायचा तुमच्याबद्दल. या, बसा."

भिंतीवर त्याचा फोटो होता, वर्दीतला. बसण्याआधीच मी सांगायला सुरुवात केली. बसलो असतो तर चहा आला असता, आणि चहा पिऊन असं सांगता आलं नसतं. तिने मधे एकदाही अडवलं नाही. हात मांडीवर, नजर माझ्यावर. हॉस्पिटलात उभं आयुष्य गेलेल्या बाईची नजर.

मी थांबलो तेव्हा ती म्हणाली, "आमाला साहेबांचं पत्र आलं हुतं. त्यात हुतं, ट्रेनिंग नसताना त्यानं प्रयत्न केला. आई जाईस्तवर म्हनायची, माझं लेकरू जरा हुशार असतं तर वाचलं असतं."

मी फोटोतल्या वर्दीकडे बघितलं.

"म्हंजी त्याला येत हुतं?"

"येत होतं."

"चांगलं येत हुतं?"

"हो. चाल होती त्याच्या हाताला. मला आवडायची."

ती उठून फोटोजवळ गेली. माफ केलं म्हणाली नाही. मी त्यासाठी गेलोही नव्हतो. मग डोळे न पुसता तिने विचारलं, "टेस्ट तुमीच घेतली हुती ना?"

"मीच."

"मंग आता पास करा त्याला."

मी फोटोसमोर सावधान उभा राहिलो. गुडघे दुखतात, वेळ लागला. मोठ्याने म्हणालो, जसं टेस्टचा निकाल सांगताना म्हणायचो तसं, आणि इथे लिहितोही तसंच.

सिग्नलमन शांतवन साळवे, लाइनमन. मोर्स. रिसीव्हिंग: पास. सेंडिंग: पास.