बापूंनी आधीच केलेला रिलीज

"मॅडम, तुमचं नवीन ॲप बसत नाय."

रविवारी सकाळी बापूंचा फोन. द्राक्षबागेच्या फवारणीची नोंद ठेवणाऱ्या आमच्या ॲपचं नवीन व्हर्जन मी आदल्या रात्रीच वेबसाइटवर टाकलं होतं आणि हुश्श करून चहा घेत होते. चहा तसाच राहिला.

हे ॲप ओपन सोर्स आहे. म्हणजे त्याचा कोड उघडा ठेवलेला. कुणीही वाचावा, सुधारावा, ॲप फुकट वापरावं. बागायतदार त्यात कोणतं औषध, किती आणि कधी मारलं ते भरतो. माल परदेशी जाणार असेल तर निर्यातदार या नोंदीचा रिपोर्ट मागतोच. मी सातपूरच्या एका कंपनीत नोकरी करते, प्रसाद मनमाडला रेल्वेत आहे. नोकऱ्या सांभाळून आम्ही दोघं हे चालवतो. पगार शून्य, शिव्या भरपूर.

"बसत नाही म्हणजे काय, बापू?"

"म्हणजे बसत नाय! इन्स्टॉल झालं नाही म्हणतंय. अन् आधीच्यात रिपोर्टचं बटण मेलेलं. लोकं सकाळपासून माझं डोकं खाऊन राहिले."

"आधीचं कोणतं?" मी विचारलं. "छाटणीच्या वेळी टेस्टिंगला दिलेलं?"

"तेच की! लय भारी वाटलं. तेव्हाच टाकलं ग्रुपवर."

"फक्त तुमच्या फोनवर बघा म्हणाले होते ना मी?"

"आता मॅडम, एवढी चांगली गोष्ट एकट्यानं वापरायची का?"

बापूंचं पिंपळगावकडे शेतीऔषधांचं दुकान आहे, स्वतःची द्राक्षबागही आहे. त्यांच्या ग्रुपवर पंचक्रोशीतले बागायतदार. बापूंनी टाकलं म्हणजे ते बरोबरच असणार, असा तिथला कायदा. आम्ही इकडे महिनोन्‌महिने बग काढत, "पुढच्या रविवारी नक्की" म्हणत रिलीज लांबवत होतो. आणि तिकडे आमची अर्धीकच्ची कॉपी सगळा हंगाम राबत होती. कपाळ!

आता ॲप बसत का नव्हतं ते सांगते. प्रत्येक ॲपवर बनवणाऱ्याचा एक डिजिटल शिक्का असतो. जुन्यावर नवीन चढवताना फोन दोन्ही शिक्के ताडून बघतो. टेस्टच्या कॉपीवर माझ्या लॅपटॉपचा कामचलाऊ शिक्का होता, रिलीजवर खरा. शिक्के जुळेनात, म्हणून फोन नवीन ॲपला दारातच अडवत होता. त्याचं बरोबरच होतं. जुनं ॲप काढलं तर नवीन बसलं असतं, पण जुन्याबरोबर आतल्या नोंदीही गेल्या असत्या. सर्व्हर आम्हाला परवडत नाही. सगळा हंगाम त्या एका फोनमध्ये.

मी हे बापूंना सांगायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "टेन्शन नका घेऊ. जुनं काढून नवीन टाका, असं सांगितलं मी ग्रुपवर. आत्ताच."

"बापू!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या काकू गॅलरीत आल्या. "आधी ते थांबवा! कुणीही काहीही काढायचं नाही! नोंदी जातील सगळ्यांच्या!"

फोन ठेवते तोच दुसरा. वणीकडच्या सुनीताताई. त्यांची बाग काढणीला आलेली.

"ताई, बापू म्हणतात जुनं काढा. काढू का? उद्या निर्यातवाले येणार हायेत. रिपोर्ट नसला तर मालाला हात लावणार नाय म्हणले."

"ॲपला हात लावू नका! तुम्ही पण! फोन तसाच ठेवा, संध्याकाळपर्यंत मी काहीतरी करते."

"नक्की ना, ताई? वर्षाचा माल हाय."

"नक्की," म्हणाले खरी.

प्रसादला फोन लावला. उपाय एकच होता. त्याच कामचलाऊ शिक्क्याची आणखी एक कॉपी काढायची, तिच्यात नोंदी फाइलमध्ये बाहेर काढायचं बटण द्यायचं. नशीब, लॅपटॉप मी बदलला नव्हता.

"ताई, टेस्टची कॉपी पुन्हा बाहेर?" प्रसाद म्हणाला. "वेबसाइटवर लाल अक्षरांत लिहिलंय आपण, की वापरू नका."

"कुणी वाचली रे ती लाल अक्षरं?"

"मग नीट सूचना लिहून वेबसाइटवर टाकू."

"सुनीताताई आपली वेबसाइट उघडणार? डोकं फिरलंय का तुझं?"

प्रसादने लॅपटॉप उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "बटण मी लिहितो. शिक्का तू मार."

पहिल्या वेळी फाइल रिकामीच निघाली. दोघं एकमेकांवर खेकसलो. दुसऱ्या वेळी नोंदी बाहेर आल्या. माझ्या जुन्या फोनवर जुनं काढलं, खरं ॲप बसवलं, फाइल आत घेतली, सगळं जागेवर. मी बापूंना कॉपी आणि मुद्देसूद सूचना पाठवल्या.

"लिहिलेलं कोण वाचतं, मॅडम?" म्हणत त्यांनी व्हॉइस मेसेज टाकला. "ऐका रे, आधी हे बसवा. मग फाइलचं बटण दाबा. फाइल मला पाठवा. मी बघून हो म्हणलो, तरच जुनं काढायचं, नवीन टाकायचं अन् फाइल आत घ्यायची. आगाऊपणा करायचा नाय!"

आगाऊपणा करायचा नाही म्हणे. कोण सांगतंय बघा!

पण दिवेलागणीच्या आधी सुनीताताईंचा रिपोर्ट माझ्या फोनवर आला. सगळ्या फवारण्या जिथल्या तिथे. खाली लिहिलं होतं, "निघाला ताई." मी तिथेच सोफ्यावर बसले आणि दोन मिनिटं नुसती रडले.

मग बापूंचा फोन. आवाज एकदम खाली.

"मॅडम, सकाळी लोकांना सांगायच्या आधी मी माझं स्वतःचं काढून बघितलं होतं. माझ्या बागेचं काही होईल का?"

"नाही, बापू. त्या नोंदी गेल्या."

"बरं," म्हणाले. एवढंच. पहिल्यांदाच मला त्यांच्यावर ओरडता येईना. त्या हंगामात त्यांचा माल निर्यातीला गेला नाही, इथल्याच बाजारात गेला.

रिलीज कसा करायचा याच्या पायऱ्या आम्ही लिहून ठेवल्या आहेत. कोड गोठवणं (म्हणजे आता बदल बंद), टेस्टिंग, शिक्का, वेबसाइट. त्याखाली मी शेवटची पायरी घातली, 'बापूंना फोन'. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर प्रसादने ती उचलून सगळ्यांत वर नेली होती.