नावापाशी थांबणारं बटण

दिवसभर ऑफिसात प्रोग्राम लिहून डोळे चुरचुरत असताना घरच्या कॉम्प्युटरची कटकट निस्तरायचा मला मनापासून कंटाळा आहे. त्यात ती एका बटणाची असेल तर विचारूच नका. पण इंदिरानगरातल्या आमच्या घरात मध्यंतरी त्या एका बटणावर बाबांचं सगळं अडलं होतं.

बाबा पुरोहित. जन्म रामकुंडावर गेला आणि अलीकडे परदेशातल्या यजमानांची श्राद्धं ते घरी बसून व्हिडिओ कॉलवर सांगायचे. मग घशाचं ऑपरेशन ठरलं. आवाज जाईल, कुजबुज तेवढी राहील, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं. बाबांनी जेवणाच्या टेबलावर फोन ठेवून सगळं श्राद्ध रेकॉर्ड केलं. पितरांचं गोत्र आणि नाव यायचं तिथे मात्र गप्प बसले. "ते प्रत्येकाचं वेगळं. ते मी सांगेन कसंबसं," म्हणाले.

ऑपरेशननंतर ते सोवळं नेसून कॉम्प्युटरपुढे बसत. यजमानाला आधीच खरं काय ते सांगितलेलं असे. ओठ हलवायचं सोंग त्यांना मान्य नव्हतं. पण यजमान म्हणजे एकेक नग. कुणी ऐनवेळी तीळ शोधायला उठणार, कुणाचं जानवं हेडफोनच्या वायरीत अडकणार. रेकॉर्डिंग सारखं थांबवावं लागे. सोवळ्यात माउसला हात लावायचा नाही, म्हणून कीबोर्डवरचं चालू-बंद करायचं एक बटण त्यांनी गोदेचं पाणी शिंपडून शुद्ध करून घेतलं. पहिला कीबोर्ड त्यातच गेला. मी दुसरा घेऊन आले. शास्त्राशी वाद घालायला अंगात ताकद लागते.

दुसरा कीबोर्ड टिकला. पण एका सकाळी यजमान आपल्या आईला तिलांजली देत असताना बाबांनी ते बटण दाबलं आणि भलतीच बाई बोलायला लागली, "आता दोन चमचे लाल तिखट घाला आणि मंद आचेवर परता." माझ्या आईनं आदल्या दिवशी मिसळीचा व्हिडिओ उघडाच ठेवला होता. भाबडा यजमान म्हणाला, "गुरुजी, तिखट कुठे घालू?"

मला हसू आवरेना. मग बाबांचा चेहरा दिसला. श्राद्ध कसंतरी उरकून उठताना ते कुजबुजले, "बास. आता नको." कामाला नको म्हणताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. फार वाईट वाटलं, आणि त्या बटणाचा रागही आला.

त्या बटणाची तऱ्हा अशी, की ते कुणा एकाचं नसतं. दाबलं की कॉम्प्युटर आपल्या मनानं ठरवतो ते कुणाला द्यायचं, गाण्याला की व्हिडिओला. मला असा छोटा प्रोग्राम लिहायचा होता, जो ते वाटेतच अडवेल, बाकी कुणाला कळू देणार नाही आणि फक्त बाबांच्या रेकॉर्डिंगपर्यंत पोचवेल. बोलायला सोपं. आधी कॉम्प्युटरच्या परवानग्यांची भानगड. मग रेकॉर्डिंग सुरू होऊन लगेच बंद पडे, कारण बटण दाबणं आणि सोडणं दोन्ही माझा प्रोग्राम मोजत होता. ऑफिसात हेच, घरी हेच. रविवारची दुपार त्यात गेली, पण शेवटी जमलं.

"एकदाच बघू," म्हणत बाबा पुन्हा बसले. मी दाराशी. लहानपणापासून माझी जागा दाराबाहेरच. पूजा चालू असताना मुलीनं मध्ये यायचं नाही. बटण शहाण्यासारखं चाललं. यजमान अडखळला की बाबांचा जुना भरदार आवाज थांबे आणि तिथूनच पुढे सुरू होई. मग नावाची जागा आली. बाबांनी थांबवलं आणि माइकशी वाकून गोत्र सांगितलं.

"गुरुजी, ऐकू येत नाही."

पुन्हा सांगितलं. यजमान रडवेला झाला. "माझ्या वडिलांचं नाव आहे हो, चुकायला नको."

बाबांनी मला हातानं जवळ बोलावलं. "तू सांग."

"मी?"

"इतकी वर्षं दारातून ऐकतेस ना? सांग."

बाबा कानाशी कुजबुजले तसं मी गोत्र सांगितलं, नाव सांगितलं. यजमानानं माझ्यामागून म्हटलं, पाणी सोडलं. बाबांनी बटण दाबलं आणि त्यांचाच आवाज पुढे म्हणू लागला.

तेव्हापासून ती जागा मीच भरते. अर्ध्या दिवसाची रजा टाकते आणि साहेबांची बोलणी खाते. कॉम्प्युटर अपडेट झाला की माझा प्रोग्राम झोपतो, मग वैतागत पुन्हा त्याच्या मागे लागायचं. परवा असाच दुरुस्त करून बाबांना दाखवला. त्यांनी दोनतीनदा बटण दाबून बघितलं आणि कुजबुजले, "माझ्या वेळीही हेच लाव. दुसरा गुरुजी नको. नावापाशी थांबव आणि तू सांग."

"काहीतरीच काय बोलता, बाबा!"

पण तपासणी तर पुरी करायला हवी होती. रेकॉर्डिंग नावाच्या जागेशी आलं, मी बटण दाबलं, आवाज थांबला. आमचंच गोत्र ओठांवर आलं, पण पुढे बाबांचं नाव घेववेना. बाबांनीच हात पुढे करून बटण दाबलं.