सूनबाईनं भरलेली मोटार
माझी सून जळक्या मोटारी भरते. म्हणजे आतली जळलेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळते. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोक दुकानात येतात, तिच्या हातात पक्कड बघतात आणि तिलाच विचारतात, "मिस्त्री कुठे आहेत?" माझं डोकंच फिरतं. मिस्त्री समोर बसलीय, डोळे काय घरी ठेवून आलात?

चाळीस वर्षं हा धंदा मी केला. मग हात थरथरायला लागले. मुलाला उघडी तार दिसली तरी घाम फुटतो. तो आपला शाळेत गणित शिकवतो. सूनबाई मात्र लग्नानंतर महिन्याभरात माझ्या शेजारी स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "बाबा, मला दाखवा." पहिलं वर्षभर मी तिला नुसते तारेचे वेढे मोजायला लावले. तिच्या जागी मी असतो तर आठवड्यात पळ काढला असता.

परवा माझा जुना दोस्त हातगाडीवर जळलेली मोटार घालून आला. त्याचा लोखंड कातायचा लेथ आहे, जवळजवळ आमच्याच वयाचा; मोटार त्याचीच. बारा वर्षांपूर्वी ती मोटार मीच भरलेली. तिच्या पाठीवर तो जेवणाचा डबा ठेवायचा, आणि डबा दुपारपर्यंत गरम राहतो म्हणून माझं कौतुक करत फिरायचा.

"हे बघ," तो म्हणाला, "तूच भर. सुनेच्या हातात देऊ नकोस. या खेपेला बिघडली तर पुतण्या लेथ भंगारात घालणार आणि मी घरात भिंती मोजत बसणार."

सूनबाई दोन हातांच्या अंतरावर बसलेली. तिला ऐकू जातंय याची त्याला फिकीर नव्हती. मला राग आला, पण जुनी मैत्री आड आली आणि मी नुसतं "बरं" म्हणालो. तिथंच माझं चुकलं.

तो गेल्यावर तिनं मोटार खोलली. आमच्यात रीतच आहे, जुन्यातून जे निघेल तेच भरायचं. वेढे मोजा, तारेची जाडी बघा, तस्संच नवं घाला, फार डोकं चालवू नका. तिनं मोजलं आणि ती थांबली.

"बाबा, तार बसायच्या खाचा सैल आहेत. कागदाच्या दुप्पट घड्या कोंबल्यात. इथं जाड तार हवी होती, कुणीतरी एक नंबर बारीक घातलीय. म्हणून तापत असणार."

कुणीतरी! गुंडाळीवर दोऱ्याची गाठ होती ती माझी, आणि तीच गाठ मी तिला शिकवलेली. तिनं ओळखली नसेल होय? त्या वेळी जाड तार संपली होती. मी म्हटलं, चालतंय की. आणि बारा वर्षं तो बिचारा माझ्या चुकीवर डबा गरम करत बसला.

"त्या दिवशी कारागिराकडची तार संपली असेल," एवढंच बोलून ती कामाला लागली. जाड तार आणून भरली. तिनं माझी लाज राखली, आणि मी मूग गिळून बसलो.

तीन दिवसांनी मोटार लेथवर चढवली. सूनबाईनं आधी पट्टा काढून ठेवला.

"पट्ट्याशिवाय लेथ फिरतो होय रे?" दोस्तानं विचारलं. मला, तिला नाही.

तिनं बटण दाबलं. मोटार उलटी फिरली. पुतण्या फिसकन हसला. सूनबाईनं वीज बंद केली, तीनपैकी दोन तारांची अदलाबदल केली, मोटार सुलटी फिरल्याची खात्री केली आणि मगच पट्टा चढवला. जुन्या लेथचा चक, म्हणजे दांडा पकडणारा जबडा, आट्यांवर बसतो. पट्टा असता तर उलट्या फिरण्यानं चक सुटून कुणाच्या तरी अंगावर आला असता. मी एकदा त्यातच पायाचं बोट मोडून घेतलंय. ते तिनं लक्षात ठेवलं होतं.

लेथ चालला. दोस्तानं एक दांडा कातून बघितला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "शेवटी तुझा हात तो तुझा हात. मागचीही बारा वर्षं टिकली."

सूनबाई खाली मान घालून पान्हे गोळा करत होती. मला राहवलं नाही.

"मागची माझी होती," मी म्हणालो. "बारीक तार घातली मी, म्हणून तापायची, म्हणून जळाली. ही हिनं भरलीय. माझं बोटसुद्धा लागलेलं नाही."

कान गरम झाले माझे, पण बरं वाटलं. दोस्तानं कातलेला दांडा उचलून पुन्हा निरखला. सूनबाईनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि पिशवी उचलली.

आठवड्यानं तो दुकानात आला. मला ओलांडून सरळ तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"मिस्त्री," तो म्हणाला, "डबा गार राहतो हो आता."

"मग मोटार बरी आहे, काका," ती वेढे मोजत म्हणाली.

चाळीस वर्षं लोक मला मिस्त्री म्हणत आले, पण माझी छाती एवढी कधी फुगली नव्हती.