फरक हाये, सायेब

आमच्या आईची एक सवय माझ्या डोक्यात जाते. औषध देणाऱ्याला ती कधीच ‘गुण नाही’ असं सांगत नाही. आमच्या इचोड्याला ढाब्यापाशी औषधाच्या पुड्या विकणारा असो की आदिलाबादचा डॉक्टर, त्याने विचारलं की ही पदर सावरून म्हणणार, “फरक हाये, सायेब.” समोरच्याने कष्ट घेतलेत, त्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं, असं तिचं म्हणणं. आणि त्या ‘फरका’पायी माझी बहीण वर्षानुवर्षं त्याच गोळ्या गिळत राहिली.

बहिणीला फिट येतात. भीमपूरकडच्या एका शाळेत ती शिकवायची. एकदा फळ्यापाशीच पडली. शेजारच्या वर्गातले गुरुजी धावत आले ते हातात चप्पल घेऊन, तिला हुंगवायला! बी.एड. झालेला माणूस! आजही तो दिसला की माझं डोकं फिरतं. मग शाळेने तिला ‘आराम करा’ म्हणून घरी पाठवलं. मुलं घाबरतात म्हणे. अहो, मुलांनी तर तिच्या डोक्याखाली दप्तर ठेवलं होतं. घाबरले होते ते मोठे. तेव्हापासून तिला एकच हवं होतं, परत वर्गात उभं राहायचं.

नागपूरच्या एका दवाखान्यात फिटवरच्या नव्या औषधाची चाचणी चालू आहे, असं मला कळलं. बाजारात अजून न आलेलं औषध. मी, आई आणि बहीण इचोड्याहून बसने निघालो. तिथे ‘फरक हाये’ म्हणायचं नाही, असं मी आईला वाटेतच बजावलं. तिने मान हलवली.

डॉक्टर म्हणाले, “औषधं घेऊनही ज्यांच्या फिट थांबत नाहीत, त्यांनाच आम्ही चाचणीत घेतो. यांना सध्याच्या गोळ्यांनी कसं आहे?”

“फरक हाये, सायेब. लई फरक हाये,” आई म्हणाली.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. “मग चांगलंच आहे. त्याच चालू ठेवा.”

मी भडकलोच. “माय, काऊन खोटं बोलून राह्यली? परवाच तर पडली ते!”

“एवढ्या मोठ्या डॉक्टरले तोंडावर नाही म्हनाव का?”

आमची तिथेच जुंपली. डॉक्टर एकदा माझ्याकडे बघत, एकदा आईकडे. जिच्यासाठी एवढ्या लांब आलो होतो, ती दोघांच्या मधल्या खुर्चीत बसली होती.

“सायेब, फिट मले येते,” ती एकदम ओरडली. “मले विचारा!” तिने जीभ बाहेर काढून चावल्याची जखम दाखवली. “परवाची हाये. हाच तो फरक.”

आईने तोंडाला पदर लावला. मला तिची कीव आली नाही.

डॉक्टरांनी खुर्ची बहिणीकडे वळवली आणि सगळं पुन्हा सांगायला घेतलं. जुन्या गोळ्या चालूच राहतील. त्यासोबत कोणाला नवं औषध मिळेल, कोणाला औषध नसलेली तशीच गोळी, आणि कोणाला काय मिळतंय हे खुद्द डॉक्टरांनाही कळणार नाही. त्रास होऊ शकतो. नको वाटलं तर कधीही सोडता येईल.

“मंग मले शाळेत जाता येईन?”

“माहीत नाही,” डॉक्टर म्हणाले. “तेच तर शोधतोय.”

मला त्यांचाही राग आला. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला थोडा धीर द्यायला काय जातं? बहिणीने मात्र मराठीतले कागद मागून घेतले, आम्हाला बाहेर बसवलं, सगळे वाचले आणि सही केली.

ती बाहेर आल्यावर मी म्हणालो, “त्यायलेच माहीत नाही, अन् तू सही केली?”

“आजवर कोनी मले माहीत नाही असं म्हटलंच नाही, दादा,” ती म्हणाली. “सगळे बरी होशीन, बरी होशीन म्हनत गेले, अन् मी घरी बसून राह्यली.”